वाचकांचे प्रश्न : रायगड दोन तासांत उरकत नाही

रायगडाबद्दल आलेल्या पत्रांमध्ये कुणाचा गुडघ्यांचा प्रश्न आहे, कुणाचा शाळेच्या सहलीचा, तर कुणाचा पावसाचा. मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य हमखास सापडतं : ‘आम्हाला वर दोन तास मिळणार आहेत.’ हे दोन तास सहलवाले ठरवतात. त्यात फार तर रोपवे, सिंहासन, समाधी आणि परत, एवढंच होतं. माथ्यावर निदान पाच तास मिळतील असा बेत करा. खालची उत्तरं तोच हिशेब धरून दिली आहेत.

मी अडुसष्ट वर्षांची आणि यजमान चौऱ्याहत्तर. दोघांचेही गुडघे दुखतात. रोपवेने गेलो तर पायऱ्या अजिबात नाहीत, असं नातेवाईक सांगतात. खरं आहे का?
— निवृत्त शिक्षिका, सांगली

नाही. रोपवेमुळे वाचतात त्या पायथ्यापासूनच्या दीड हजारांवर पायऱ्या. हिरकणवाडीत पाळण्यात बसलं की चार-पाच मिनिटांत वरचं स्थानक येतं. तिथून मेणा दरवाज्यापर्यंत पायऱ्या चढाव्याच लागतात आणि दरवाज्याच्या आत तर सगळी चालच आहे. माथ्यावरची जमीन सपाट नाही. दगडी जोती, उंबरे, मध्येच दोन-तीन उंच पायऱ्या, पुन्हा उतार. जगदीश्वराचं देऊळ आणि महाराजांची समाधी बाजारपेठेच्या खालच्या अंगाला, पूर्वेच्या उतारावर आहेत. जाताना उतार लागतो म्हणून बरं वाटतं. परत येताना तोच चढ असतो आणि तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. रोपवेने आलेल्या वडीलधाऱ्यांची दमछाक बहुतेक वेळा इथेच होते.

तुम्ही दोघांनी असं करा. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी गाठा. शनिवार-रविवार आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. वर पोचल्यावर आधी थेट जगदीश्वराकडे निघा. दम आणि सावकाशी दोन्ही शिल्लक असताना लांबचं ठिकाण उरकून घ्यावं. परतताना बाजारपेठ, होळीचा माळ आणि शेवटी राजसभा. नगारखान्याच्या कमानीत सावली असते, तिथे बसून घ्या. टकमक टोकाचा नाद सोडा. हातात काठी हवीच, आणि तिच्या टोकाला रबर असू द्या, कारण लोखंडी टोक काळ्या दगडावरून सटकतं.

परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे वर जातानाच खिडकीवर विचारून ठेवा आणि तिच्या दीड तास आधी वरच्या स्थानकाकडे वळा. गर्दीच्या दिवशी चढणारे दिवसभर थोडेथोडे येतात, उतरणारे मात्र सगळे संध्याकाळी एकदम. त्यामुळे उतरायची रांगच मोठी असते. वारा फार असला किंवा विजा चमकत असल्या की रोपवे थांबवतात. रोजची औषधं म्हणून गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा.

पण रोपवेने गेलं की गड उलटा पाहिला जातो, असं एका मित्राने सांगितलं. म्हणजे काय?
— वाचक, डोंबिवली

मित्राचं बरोबर आहे. मेणा दरवाजा हा राणीवशाकडचा दरवाजा. तिथून आत शिरलेला माणूस आधी खासगी महाल पाहतो आणि मग राजसभेत मागच्या अंगाने, सिंहासनाच्या बाजूने उतरतो. बांधणाऱ्याने योजलेला क्रम याच्या नेमका उलट आहे. पाहुण्याने नगारखान्यातून यायचं, कमान ओलांडली की २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद राजसभा एकदम समोर उघडायची आणि पलीकडच्या टोकाला पूर्वेकडे तोंड करून असलेलं सिंहासन दिसायचं.

पाय धड असतील तर रोपवेने येऊनही हा क्रम सुलट करता येतो. मेणा दरवाज्यातून आत आल्यावर सरळ चढउताराची वाट धरा. राण्यांच्या महालांची सात जोती डाव्या हाताला ठेवत पालखी दरवाजा गाठा. तिथून ३१ पायऱ्या उतरलात की गंगासागर तलाव आणि त्याच्या काठचे दोन बाराकोनी मनोरे. मग शिर्काईचं देऊळ, होळीचा माळ आणि तिथून नगारखाना. फेरा अर्ध्या तासाचा आहे, पण राजसभा जशी दिसायला हवी तशी दिसते.

राजसभेत आवाजाची गंमत मुलांना जरूर दाखवा. एकाने नगारखान्याच्या दारात उभं राहून कागद फाडायचा, दुसऱ्याने सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी कान द्यायचा. शंभर माणसांच्या गोंगाटात काही ऐकू येणार नाही; सकाळी गर्दी जमण्याआधी करून पाहा.

आम्ही चौघे मित्र पायऱ्यांनी चढणार आहोत. किती वाजता सुरुवात करावी? सोबत काय असावं?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साडेसहाला चित दरवाज्यापाशी, म्हणजे पायऱ्या सुरू होतात तिथे, पाहिजे. मार्च ते मे आणखी अर्धा तास आधी. वाटेवर सावली तुटक आहे आणि साडेनऊनंतर कातळ तापायला लागतो. मध्यम चालीने दीड ते दोन तासांत माथा येतो.

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामाबरोबर मीठही जातं. मीठ-साखरेची पाकिटं किंवा खारे शेंगदाणे बरोबर घ्या. वाटेत गावातल्या बाया ताक, कोकम सरबत, काकडी विकायला बसतात. गंगासागराचं पाणी तसंच ओंजळीने पिऊ नका. बुटाचा तळ खडबडीत असावा. नवे बूट घालून येऊ नका; उतरताना अंगठ्याची नखं काळीनिळी होतात.

आता उतरण्याचं. चढताना छाती भरून येते आणि थांबलं की शांत होते, पण उतरताना शरीराचा सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर पडतो. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, त्यामुळे पावलाला लय सापडत नाही आणि पाय चुकतो तो नेमका शेवटच्या टप्प्यात, मांड्या थरथरायला लागल्यावर. उड्या मारत उतरू नका. पाऊल किंचित आडवं टाका, उंच पायरीवर आधी काठी, मग पाय. चढायचं पायऱ्यांनी आणि उतरायचं रोपवेने, हा बेतही चांगला. मात्र त्या दिवशी एकेरी तिकीट देत आहेत ना, ते चढण्याआधी हिरकणवाडीत विचारा. चित दरवाजा आणि हिरकणवाडी एकाच रस्त्यावर असले तरी जागा वेगळ्या आहेत. गाडी कुठे लावायची ते त्यावरून ठरवा.

चढताना महादरवाज्यापाशी दहा मिनिटं थांबाच. दरवाजा दिसत नाही तो मुद्दाम. दोन बुरूज, एक सुमारे ७५ फुटी आणि दुसरा ६५ फुटी, एकमेकांना वळसा घालून उभे आहेत. वाट त्यांच्यामधून वळते आणि शेवटच्या वळणावरच दार समोर येतं. हीच गोमुखी बांधणी. शत्रूला तोफेचा नेम दारावर धरता येत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव घेता येत नाही आणि वळणात शिरलेली माणसं दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतात. दाराच्या दोन्ही अंगांना कोरलेली कमळं पाहा. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. तिथे सावली असते, पण वाटेतच बसू नका, मागचे खोळंबतात.

पावसाळ्यात रायगड सर्वांत सुंदर दिसतो म्हणतात. जुलैमध्ये कुटुंबासह यावं का?
— वाचक, नवी मुंबई

जुलैत लहान मुलं घेऊन पायऱ्यांनी येऊ नका. दिसतो सुंदर, यात शंकाच नाही. पण ७ जुलै २०२४ ला काय झालं ते लक्षात ठेवा. माथ्यावर जोराचा पाऊस झाला, पायऱ्यांवरून धबधब्यासारखा लोंढा आला आणि पर्यटक वाटेतच अडकले. नंतर प्रशासनाने पायरीमार्ग काही काळ बंद ठेवला.

हे का होतं? माथा मोठा आणि खाली कातळ. पडलेलं पाणी जमिनीत फारसं मुरत नाही, कड्याच्या खोबणींतून खाली धावतं. पायऱ्यांची वाटही अशाच उतारांवरून आणि घळींच्या तोंडावरून जाते. म्हणून खाली रिमझिम असतानाही वरच्या पावसाचं पाणी काही मिनिटांत वाटेवर येऊ शकतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि खडे वाहू लागले, की वरून लोंढा येतो आहे असं समजा. मग खाली पळायचं नाही. डोंगराच्या बाजूच्या भिंतीला किंवा कठड्याला धरून उंच जागी थांबायचं. महादरवाजा जवळ असेल तर देवड्यांत आसरा घ्यायचा आणि जोर ओसरल्यावरच हलायचं. घोट्याच्या वर चढलेलं वाहतं पाणी ओलांडू नका, खालची पायरी दिसत नाही.

पावसाचा रायगड पाहायचाच असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य निवडा. गवत हिरवं असतं, तळी भरलेली असतात, धुकंही मिळतं. हत्ती तलावाची गळती बुजवल्यापासून तोही पाणी धरू लागला आहे.

पुण्याहून वरंधा घाटाने येणार असाल तर निघण्याआधी चौकशी करा. दरडींमुळे पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद असतो.

जगदीश्वराच्या देवळातला शिलालेख वाचता येत नाही. त्यात नक्की काय लिहिलंय? आणि हिरोजी इंदुलकरांचं नाव नेमकं कुठे आहे?
— वाचक, कोल्हापूर

लेख दोन आहेत आणि बहुतेक लोक एकच पाहून परततात. दाराच्या उजव्या हाताच्या भिंतीत मोठा संस्कृत लेख आहे. दुसरा अगदी लहान, दारातल्या पायरीवर. ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ असं त्याचं वाचन रूढ आहे. रायगड बांधणाऱ्याने आपलं नाव कळसावर नाही, देवाला येणाऱ्यांच्या पायाशी ठेवलं. खाली वाकल्याशिवाय तो दिसत नाही आणि नकळत आपण त्यावर पाय देऊन पुढे जातो. पायरी ओलांडताना थांबा.

मोठा लेख ‘श्री गणपतये नमः’ने सुरू होतो. सिंहासनावर विराजमान असलेल्या शिवछत्रपतींच्या आज्ञेने जगाला आनंद देणारा हा जगदीश्वराचा प्रासाद उभा राहिला, असा पहिल्या भागाचा आशय. पुढे साल येतं, पण आकड्यांत नाही, शब्दांत : ‘षण्णवबाणभूमि’. हे फोडून पाहा. षट् म्हणजे ६. नव म्हणजे ९. बाण म्हणजे ५, कारण मदनाचे बाण पाच. भूमी म्हणजे १. असे आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात. ६, ९, ५, १ उलटे लिहिले की शके १५९६. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १६७४, राज्याभिषेकाचं वर्ष. संवत्सराचं नावही लेखात दिलं आहे, आनंद. घरातल्या मुलांना हे फोडायला लावा, भिंतीवरची ओळ त्यांच्या कायमची लक्षात राहते.

दुसऱ्या भागात गडाचं वर्णन आहे : विहिरी, तळी, रम्य बाग, रस्ते, स्तंभ, हत्तीशाळा, गगनाला भिडणारे राजवाडे. अशा रायगडावर हिराजीने (म्हणजे हिरोजीने) हे निर्माण केलं, ते चंद्रसूर्य असेतो नांदो. यातले ‘स्तंभ’ म्हणजे गंगासागराकाठचे मनोरे असावेत, असं मानतात. ते मनोरे पाहून इथे आलात तर ओळ वाचताना डोळ्यांसमोर उभे राहतात.

वाचता येत नाही याचं कारण बहुतेक वेळा उजेड. समोरून प्रकाश पडला की अक्षरं सपाट दिसतात. मोबाइलची विजेरी भिंतीच्या अगदी जवळ, बाजूने आडवी धरा. प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि ओळ उठून दिसते. खडू, हळद, पीठ किंवा पाणी लावून अक्षरं ‘उठवायचा’ प्रयत्न कृपा करून कुणी करू नका. दगडाची झीज त्याने वाढते आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे.

मुलांना नेलं तर म्हणाली, ‘इथे नुसते चौथरेच आहेत.’ त्यांना काय दाखवावं?
— पालक, नाशिक

चौथरेच का उरले, तिथून सुरुवात करा. वाड्यांचं वरचं काम लाकडी होतं. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग लागली आणि लाकूड जळून गेलं. दगड तेवढा राहिला. आता मुलांना तपासाचं काम द्या. जोत्यावरच्या दगडांत खांब बसवायच्या खाचा शोधायच्या आणि एका ओळीत किती आहेत ते मोजायचं. मग खोली केवढी होती ते पावलांनी मापायचं. महालांच्या कोपऱ्यांत दगडी शौचकूप आणि त्यांचे बाहेर जाणारे मार्ग दिसतात. लहान मुलांना यापेक्षा जास्त काही आवडत नाही आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीची स्वच्छतेची सोयही कळते. बाजारपेठेत दोन रांगांमध्ये प्रत्येकी २२ गाळे आहेत आणि मधला रस्ता ४० फूट रुंद. तो पावलांनी मोजून आपल्या गल्लीशी ताडून पाहू द्या.

टकमक टोक, हिरकणी बुरूज, भवानी टोक यांतलं एकच जमणार असेल तर कोणतं?
— वाचक, सोलापूर

टकमक. बाजारपेठेसमोरच्या टेपावरून उतरून वाट जाते, मध्ये दारूकोठाराचे अवशेष लागतात. पुढे सोंड निमुळती होत जाते आणि उजव्या हाताला कडा सरळ तुटलेला आहे. वाऱ्याचा झोत एकदम येतो आणि उघडलेली छत्री माणसाला ओढते. छत्री मिटा, टोपी खिशात घाला, मुलांचा हात सोडू नका. कठड्याबाहेर पाय टाकून फोटो काढणाऱ्यांना तिथल्या तिथे हटकलंत तरी चालेल. सकाळी लवकर जा, दुपारी धुरकटात खोरं दिसत नाही.

संध्याकाळचा वेळ असेल तर हिरकणी बुरूज. गंगासागराकडून अरुंद वाट जाते, वर काही तोफा आहेत आणि खाली गांधारीचं खोरं. भवानी टोक जगदीश्वराच्याही पुढे पूर्वेला, एकांताचं. परतीचा वेळ मोजूनच तिकडे वळा.

स्वतःची गाडी नाही. एसटी आणि रेल्वेने कसं यावं?
— वाचक, परभणी

महाड हे केंद्र धरा. मुंबई-गोवा महामार्गावर असल्याने कोकणात जाणाऱ्या पुष्कळ एसटी तिथे थांबतात. रेल्वेने कोकण रेल्वेचं वीर स्थानक महाडला जवळचं. जास्त गाड्या थांबतात त्या माणगावला. महाडहून पाचाड, म्हणजे गडाच्या पायथ्याचं गाव, सुमारे २५ किलोमीटर. एसटी आहे, पण मोजक्याच फेऱ्या. आगारात उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्या. इतक्या लांबून येताय तर आदल्या संध्याकाळी पाचाड किंवा महाडला मुक्काम करा. थेट प्रवासातून उतरून अकराच्या उन्हात चढायला लागणं हा सर्वांत वाईट बेत.

शाळेची साठ मुलं आणायची आहेत. रोपवे की पायऱ्या?
— मुख्याध्यापक, सातारा जिल्हा

सातवीच्या पुढची असतील तर पायऱ्या. रोपवेच्या पाळण्यात थोडीच माणसं मावतात. साठ मुलं वर जाईपर्यंत पहिली तुकडी कंटाळून पांगलेली असते. दहा-दहांचे सहा गट करा, प्रत्येकाला एक मोठं माणूस. एक शिक्षक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे. पुढच्याला ओलांडायचं नाही, मागच्याच्या मागे राहायचं नाही. डोकी मोजायच्या जागा तीन : चित दरवाजा, महादरवाजा आणि हत्ती तलाव. उतरतानाही त्याच. शौचालयाला पायथ्याशीच जाऊन घ्या. १५ वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही, तरी शाळेचं पत्र आणि नावांची यादी जवळ असू द्या.

अमेरिकेतून मुलगा आणि सून येणार आहेत. त्यांना परदेशी तिकीट घ्यावं लागेल का? मुलाला ड्रोनही उडवायचा आहे.
— वाचक, ठाणे

भारतीयांना तिकीट २५ रुपये आहे, परदेशी नागरिकांना बरंच जास्त. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असेल तर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार स्मारकांत भारतीयांचाच दर लागू होतो. कार्ड मूळ स्वरूपात जवळ ठेवा. ड्रोन पूर्वपरवानगीशिवाय नाही, तिपाई लावून चित्रण करायलाही परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर रायगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे. साधा मोबाइल कॅमेरा चालतो.

६ जूनला यावं का?
— अनेक वाचक

सोहळा अनुभवायला जरूर या, गड पाहायला मात्र दुसऱ्या दिवशी या. तारखेप्रमाणे ६ जून आणि तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, दोन्ही दिवशी अलोट गर्दी असते. चैत्र पौर्णिमेला, महाराजांच्या पुण्यतिथीलाही तसंच. खासगी गाड्या बऱ्याचदा अलीकडेच थांबवून पुढे एसटीने नेतात. वयस्कर माणसं आणि तान्ही मुलं यांना त्या दिवशी आणू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात उकाडा टोकाचा असतो आणि वळवाचा पाऊस कधीही येतो. दोन्हींची तयारी ठेवा.

उतरल्यावर दीड तास हाताशी असेल तर?
— वाचक, पिंपरी

पाचाडला थांबा. जिजाऊसाहेबांना गडावरची गार हवा आणि वारा मानवत नसे, म्हणून महाराजांनी पायथ्याशी त्यांच्यासाठी वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, त्या इथेच गेल्या. वाडा आणि समाधी जवळजवळ आहेत. समाधीपाशी पादत्राणं बाहेर ठेवा. वाड्यातली तक्क्याची विहीर चुकवू नका : काठाला पाठ टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या घडवला आहे, त्यावरूनच तिला हे नाव पडलं. कठड्यावरून वाकून पाहताना चष्मा आणि मोबाइल सांभाळा. जेवायचं असेल तर पाचाडात पिठलं-भाकरी मिळते; उतरायच्या आधी फोन करून सांगितलंत तर भाकऱ्या गरम मिळतील.